कमी पटाची शाळा बंद करण्याचा प्रस्ताव आल्यास गावाने काय करावे

जिल्हा परिषदेच्या लहान शाळेचे भवितव्य मुख्यतः दोन आकड्यांवर ठरते: शाळेचा पट आणि जवळच्या दुसऱ्या शाळेचे अंतर. हे आकडे पंचायत समितीच्या शिक्षण विभागातील तक्त्यात भरले जातात, त्यांवरून प्रस्ताव तयार होतो, तो वर जातो, आणि शिक्षकांच्या हातात कार्यमुक्तीचा आदेश पडेपर्यंत पालकांना पुष्कळदा काहीच कळत नाही. त्यामुळे शाळा टिकवू इच्छिणाऱ्या गावाने सर्वप्रथम विभागाच्या कागदावर आपल्या शाळेविषयी काय लिहिले आहे ते मिळवावे आणि जे चुकीचे असेल त्याला पुराव्यासह लेखी हरकत घ्यावी. मोर्चा, उपोषण, निवेदने यांना पुढे जागा आहे. पण ज्या प्रस्तावातील आकडे कोणी खोडलेच नाहीत, तो प्रस्ताव मोर्चा पांगल्यावर पुन्हा टेबलावर येतो.

महाराष्ट्रात हा विषय वारंवार वर आला आहे. डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या 1,314 शाळा बंद करून तेथील मुलांचे जवळच्या शाळांत समायोजन करण्याचा निर्णय जाहीर झाला. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण आयुक्त कार्यालयाने नंदुरबार जिल्ह्यातील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील धर्तीवर समूह शाळा (अनेक लहान शाळा एकत्र करून केलेली एक मोठी शाळा) उभारण्याचे प्रस्ताव जिल्ह्यांकडून मागवले. त्या वेळी राज्यात वीस किंवा त्याहून कमी पटाच्या 14,783 शाळा होत्या आणि त्यांत 1,85,467 मुले शिकत होती, म्हणजे एका शाळेत सरासरी बारा-तेरा मुले. अशी शाळा बहुधा कोकणातील एखाद्या वाडीत, सह्याद्रीच्या माथ्यावरील धनगरवाड्यात, मेळघाट किंवा सातपुड्यातील पाड्यावर असते. तिथल्या मुलाच्या घरी दुसरी व्यवस्था करण्याची ऐपत नसते, हे ध्यानात ठेवूनच पुढचे सारे काम करावे.

प्रस्तावाआधीच्या खुणा

शाळा एका आदेशाने बंद होण्याआधी बहुधा हळूहळू कोरडी पाडली जाते. दोन शिक्षकांपैकी एकाला ‘तात्पुरत्या कामगिरीवर’ दुसरीकडे पाठवले जाते आणि त्याच्या जागी कोणी येत नाही. उरलेला शिक्षक बैठकीला, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की त्या दिवशी शाळेला कुलूप लागते. असे काही महिने चालले की ज्यांना परवडते ते पालक मुलांना खासगी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतात, पट आणखी घसरतो, आणि पुढच्या वर्षी तोच घसरलेला पट प्रस्तावाचे कारण म्हणून लिहिला जातो. म्हणून विरोधाची सुरुवात प्रस्तावाच्या दिवशी नव्हे, तर शिक्षक हलवला त्या दिवशी करावी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असले पाहिजेत. ही तरतूद लिहून शाळा व्यवस्थापन समितीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना त्याच आठवड्यात पत्र द्यावे आणि शाळेला कुलूप राहिलेल्या प्रत्येक दिवसाची तारीख वहीत नोंदवत जावी.

आणखी दोन खुणा आहेत. वर्गखोली धोकादायक ठरवून तिचे निर्लेखन (नोंदीतून काढून टाकणे) केले जाते, पण नवी खोली मंजूर होत नाही. मग ‘इमारत नाही’ हे कारण तयार होते. निर्लेखनाची नोटीस आली की नव्या खोलीची मागणी समितीच्या ठरावासह त्याच वेळी करावी. दुसरी खूण संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे ठरवण्याच्या वार्षिक प्रक्रियेत, दिसते. संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर होते आणि तिच्यावर शिक्षकांची पदे अवलंबून असतात. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने तिचे निकष बदलल्यापासून सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असलेल्या शाळांवर तर त्या वर्गांचे शिक्षकपदच जाण्याची वेळ आली. आपल्या शाळेच्या संचमान्यतेची प्रत मुख्याध्यापकांकडून दरवर्षी घेऊन पाहण्याची सवय समितीने लावून घ्यावी.

कायदा नेमके काय सांगतो

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 हा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या कलम 6 नुसार मुलाच्या परिसरात शाळा उपलब्ध करून देणे हे शासनाचे व स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे आणि कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाच्या, म्हणजे ग्रामीण भागात प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या, जबाबदाऱ्या एकेक करून दिल्या आहेत. परिसरातील शाळेची उपलब्धता सुनिश्चित करणे, चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या नोंदी ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल असे पाहणे ही त्यांतील तीन कर्तव्ये हरकतीत शब्दशः उतरवावीत.

परिसर म्हणजे किती, हे राज्याच्या 2011 च्या नियमांत सांगितले आहे: पहिली ते पाचवीसाठी शक्यतोवर एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर. त्याच नियमांत सहा ते अकरा वयोगटातील किमान वीस मुले उपलब्ध असावीत अशी अट आहे आणि विभाग नेहमी याच अटीकडे बोट दाखवतो. येथे गावाने ठामपणे सांगायचे ते असे, की ही अट शाळा स्थापन करण्यासंबंधीची आहे. आधीपासून चालू असलेली शाळा पट वीसच्या खाली गेल्यास बंद करावी, असे मूळ अधिनियमात कोठेही म्हटलेले नाही. परिसरात शाळा नसलेल्या लहान वस्त्यांतील मुलांसाठी वाहतूक किंवा निवासाची सोय करण्याची तरतूद नियमांत आहे खरी, पण तिचा उपयोग असलेली शाळा काढून घेण्यासाठी करणे हे त्या तरतुदीच्या हेतूच्या विरुद्ध आहे. हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि बहुतेक निवेदनांत नेमका तोच सुटलेला असतो.

अंतर स्वतः मोजावे

तक्त्यातले अंतर बहुधा नकाशावरून घेतलेले असते आणि ते एका शाळेपासून दुसऱ्या शाळेपर्यंतचे असते. मूल मात्र शाळेतून नव्हे, घरातून निघते. डोंगराच्या एका अंगाला वाडी आणि दुसऱ्या अंगाला दुसरी शाळा असेल, तर नकाशावर एक किलोमीटरच्या आत दिसणारे अंतर पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून, पऱ्ह्या (ओढा) ओलांडून, पुन्हा चढण चढेपर्यंत दुप्पट होते. म्हणून मोजणी सर्वांत लांबच्या घराच्या उंबऱ्यापासून नव्या शाळेच्या दारापर्यंत, मूल ज्या वाटेने जाणार त्याच वाटेने करावी.

ही मोजणी शक्यतो जुलै-ऑगस्टमध्ये, शाळेच्या वेळेला, पहिलीतल्या एका मुलाला दप्तरासह आणि त्याच्या पालकाला सोबत घेऊन करावी. फोनवरील मार्ग नोंदवणारे अ‍ॅप घराच्या दारातच सुरू करावे, म्हणजे अंतर, लागलेला वेळ आणि चढउतार तिन्ही गोष्टी नोंदल्या जातात. वाटेत साकव (ओढ्यावरचा लहान पूल) असेल तर त्याला कठडा आहे की नाही, फळ्या सुटल्या आहेत का, हे फोटोत दिसले पाहिजे. पऱ्ह्याला पाणी चढल्यावर मूल दगडावरून पाय टाकताना क्षणभर थांबते आणि मोठ्या माणसाचा हात शोधते, ती जागा नेमकी कोणती हे वाटेच्या नकाशावर खूण करून दाखवावे. रोज तिथे हात द्यायला कोण असणार, हा प्रश्न मग हरकतीत निराळा मांडण्याची गरज उरत नाही. रस्ता ओलांडावा लागत असेल, जंगलाचा पट्टा असेल, जुन्नर-आंबेगावसारखा बिबट्याचा वावर असलेला भाग असेल, तर तेही नोंदवावे आणि वन विभागाकडे पूर्वी दिलेल्या तक्रारींच्या प्रती जोडाव्यात.

मोजणी झाली की तिचा पंचनामा तिथेच लिहावा. ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), पोलीस पाटील, समितीचे अध्यक्ष आणि दोन-तीन पालक यांच्या त्यावर सह्या असाव्यात. केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर (केंद्रावर) देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, या मोजणीसाठी आधी लेखी बोलावणे द्यावे. ते आले तर त्यांची सही मिळते. न आल्यास बोलावण्याची पोच जोडता येते.

पटाचा खरा हिशेब

चालू वर्षाचा पट नऊ असेल तर तो नऊच लिहावा. काही ठिकाणी पट वाढवून दाखवण्याचा मोह होतो. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर झालेल्या पटपडताळणीने बोगस पटाचे काय होते ते सर्वांना दाखवले आहे, आणि आता मुलांची नावे आधारशी जोडली जात असल्याने अशी नावे टिकतही नाहीत. एक खोटे नाव सापडले, तर गावाचे बाकी सगळे खरे कागद संशयाखाली येतात.

त्याऐवजी पुढील पाच वर्षांचा पट मांडावा. अंगणवाडी सेविकेच्या नोंदवहीत शून्य ते सहा वयोगटातील प्रत्येक मुलाची जन्मतारीख असते. तिच्यावरून दर जूनमध्ये पहिलीत किती मुले येतील आणि वरच्या वर्गातून किती जातील याचा तक्ता एका पानावर करता येतो. यंदाचा पट कमी असला तरी दोन वर्षांनी तो वाढणार असेल, तर बंदीच्या प्रस्तावाचा पायाच हलतो. तो वाढणार नसेल तर हा तक्ता जोडण्याचा आग्रह धरू नये आणि अंतराच्या मुद्द्यावर भर द्यावा. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची मुले हंगामात गैरहजर दिसतात. त्यांची स्वतंत्र यादी, जाण्या-येण्याच्या महिन्यांसह, द्यावी, कारण शाळा बंद झाली की परत आल्यावर ही मुले कोणत्याच शाळेत जात नाहीत, असा अनुभव अनेक वाड्यांचा आहे.

आता थोडे अवघड बोलणे. गावातली काही मुले खासगी शाळेत जात असतील, तर त्यांच्या पालकांशी बसून बोलावे लागते. ज्याची मुले व्हॅनने तालुक्याला जातात तोच सरपंच शाळा वाचवा म्हणून भाषण करतो, हे अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटत नाही. दोन-तीन कुटुंबांनी जरी पुढच्या जूनपासून मुले परत आणण्याचे लेखी दिले, तरी हरकतीचे वजन वाढते.

समिती, ग्रामसभा आणि ठराव

शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असणे कायद्याने आवश्यक आहे. तिची मुदत संपलेली असेल किंवा ती केवळ कागदावर असेल, तर आधी पालकसभा घेऊन ती रीतसर करावी. बेकायदा समितीचा ठराव पहिल्याच पायरीवर बाजूला ठेवला जातो. समितीने शाळेचा विकास आराखडाही करायचा असतो. तो केलेला असेल तर हरकतीला जोडावा, नसेल तर करावा.

त्यानंतर ग्रामसभा. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके मतदार उपस्थित लागतात. विषय नोटिशीत स्पष्ट लिहिलेला असावा. ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात हा ठराव घेऊ नये. अनुसूचित क्षेत्रातील गावांत पेसा (आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या) कायद्याखाली पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा घोषित झालेली असेल, तर ठराव त्या ग्रामसभेचा घ्यावा, कारण मोठ्या गावातील मतदारांना पाड्यावरच्या शाळेचे महत्त्व वाटेलच असे नाही. ठरावात भावनेपेक्षा माहिती असावी. उदाहरणार्थ (यू-डायस क्रमांक म्हणजे शाळेला सरकारी नोंदीत मिळालेला ओळख क्रमांक):

‘जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, (वाडीचे नाव), यू-डायस क्रमांक (अकरा अंकी), या शाळेत सध्या इतकी मुले शिकत आहेत. प्रस्तावित शाळेचे अंतर शेवटच्या घरापासून पायवाटेने इतके असून वाटेत बारमाही साकव नसलेला ओढा आहे. याबाबतचा पंचनामा सोबत जोडला आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 6 व 9 नुसार परिसरातील शाळा उपलब्ध ठेवणे बंधनकारक असल्याने सदर शाळा बंद करण्यास अथवा तिचे समायोजन करण्यास ही ग्रामसभा हरकत घेत आहे आणि मंजूर दोन्ही शिक्षकपदे भरण्याची मागणी करीत आहे. सूचक, अनुमोदक. ठराव सर्वानुमते मंजूर.’

ठरावाची प्रत सही-शिक्क्यासह त्याच आठवड्यात मागून घ्यावी.

कोरे कागद आणि संमतीपत्रे

या टप्प्यावर पालकांकडून सह्या गोळा करायला कोणीतरी येण्याचा संभव असतो. ‘बैठकीची हजेरी आहे’, ‘वाहतूक भत्त्याचा अर्ज आहे’ असे सांगून घेतलेली सही नंतर समायोजनाला संमती म्हणून जोडली जाते. पालकांनी, विशेषतः ज्यांना वाचण्यात अडचण आहे त्यांनी, कागद वाचून घेतल्याशिवाय आणि त्याचा फोटो काढल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नये. शाळा सोडल्याचा दाखला मागण्याचा अर्ज तर कोणाच्याही सांगण्यावरून देऊ नये, कारण सगळ्या मुलांचे दाखले निघाले की पट शून्य होतो, यू-डायस क्रमांक बंद होण्याचा मार्ग मोकळा होतो आणि शाळा पुन्हा सुरू करणे अतिशय कठीण जाते. आधीच सही झाली असेल, तर ती मागे घेत असल्याचे कारणासह लेखी द्यावे.

कागद मिळवणे आणि हरकत देणे

माहिती अधिकार अधिनियम, 2005 खालील अर्ज दहा रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह गटशिक्षणाधिकारी कार्यालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करावा. राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द चालतात, म्हणून दोन अर्ज करावेत. एकात आपल्या शाळेचा प्रस्ताव, केंद्रप्रमुखांचा अभिप्राय, अंतर कोणी व केव्हा मोजले त्याची नोंद आणि मागील तीन वर्षांची यू-डायस माहिती मागावी. दुसऱ्यात ज्या शाळेत मुले पाठवायची आहेत तिथल्या वर्गखोल्या, शिक्षक, स्वच्छतागृहे आणि वाहतुकीसाठी केलेली तरतूद विचारावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत प्रथम अपील करावे. उत्तराची वाट पाहत हरकत मात्र रोखून धरू नये. ती आधी द्यावी आणि नवी माहिती मिळताच पुरवणी हरकत जोडावी.

त्या दुसऱ्या शाळेला पालकांनी स्वतः भेट दिली पाहिजे. तिथेही दोन वर्ग एकाच खोलीत बसत असतील, मुलींचे स्वच्छतागृह वापरात नसेल, तर समायोजनाने मुलांना अधिक चांगल्या सुविधा मिळतील हा दावा कागदावरच राहतो. तेथील पालक आणि शिक्षक यांच्याशी वाद घालू नये. त्यांचीही बहुधा काही विचारपूस झालेली नसते.

हरकत जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, शिक्षणाधिकारी (प्राथमिक) आणि गटशिक्षणाधिकारी या तिघांना एकाच तारखेची द्यावी. प्रती विभागीय शिक्षण उपसंचालक आणि शिक्षण आयुक्त, पुणे यांना पाठवाव्यात. जिल्हा परिषदेवर निवडून आलेले सदस्य असतील तर शिक्षण समितीच्या सभापतींना भेटून विषय समितीच्या सभेत घ्यायला सांगावे. प्रशासक असेल तर निर्णय मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडेच असतो. प्रत्येक प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी, किंवा स्पीड पोस्टने पाठवून पावती जपावी. हरकतीतच कलम 32 चा उल्लेख करून ‘ही तक्रार म्हणून स्वीकारावी’ असे लिहावे. या कलमानुसार स्थानिक प्राधिकरणाने संबंधितांना म्हणणे मांडण्याची संधी देऊन तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. इतकी उपयोगी तरतूद असूनही फार थोडी गावे तिचा आधार घेतात.

गुणवत्तेचा प्रश्न टाळू नये

पाच-सात मुलांच्या शाळेत मुलांना सवंगडी मिळत नाहीत, एका शिक्षकाला चार इयत्ता सांभाळाव्या लागतात, खेळ आणि स्नेहसंमेलन होत नाही, असे विभागाचे म्हणणे असते. त्यात तथ्य आहे आणि ते मान्य करूनच उत्तर द्यावे. मिश्र वर्गाचे अध्यापन ही शिकवण्याची मान्य पद्धत आहे, ती नीट होण्यासाठी दोन शिक्षक लागतात. सवंगड्यांसाठी केंद्रातील चार-पाच वाड्यांच्या शाळांनी महिन्यातून एक-दोन दिवस एकत्र येण्याची योजना समितीने लेखी मांडावी, त्या दिवसाची वाहतूक विभागाकडे मागावी. रोज सहा वर्षांच्या मुलाला डोंगर उतरवण्यापेक्षा ही व्यवस्था कमी खर्चाची आणि सुरक्षित आहे. मुलांचे वाचन-गणित चांगले असेल तर अधिकाऱ्यांना शाळेत बोलावून त्यांच्यासमोर मुलांना वाचू द्यावे.

आंदोलन आणि न्यायालय

2022 मध्ये इगतपुरी तालुक्यातील दरेवाडीची मुले नाशिक जिल्हा परिषदेसमोर शेळ्या घेऊन गेली आणि शाळा बंद होणार असेल तर दप्तरे परत घेऊन राखायला शेळ्या द्या अशी मागणी त्यांनी केली. त्यामुळे एका लहान वस्तीच्या शाळेकडे राज्याचे लक्ष गेले. अशा कृतीची ताकद मोठी असते, पण ती एकदाच वापरता येते. मुलांना अनेक दिवस शाळेबाहेर ठेवणारे बहिष्काराचे मार्ग मी सुचवणार नाही. मुलांचे नुकसान होतेच, शिवाय रिकामा हजेरीपट प्रस्तावाच्याच बाजूने वापरला जातो. आठवडाभर आधी लेखी कळवून, पालकांनी, शाळेच्या वेळेनंतर किंवा सुटीच्या दिवशी आंदोलन करावे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणाऱ्या लोकशाही दिनातही विषय मांडता येतो.

आदेश निघाला आणि हरकतीचा विचारच झाला नाही, तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग आहे. महिला, मुले आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणामार्फत मोफत वकील मिळतो; तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करावा. न्यायालयात निकाल कोणत्या बाजूने लागेल हे गृहीत धरू नये. उत्तर प्रदेशात जुलै 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायपीठाने शाळांच्या विलीनीकरणाविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच महिन्यात खंडपीठाने सीतापूर जिल्ह्यापुरता ‘जैसे थे’ आदेश दिला, तो शासनाने दाखल केलेल्या कागदपत्रांतील विसंगती पाहून. गावाने आधी केलेला पंचनामा, पोचपावत्या आणि कलम 32 खालील तक्रार येथे उपयोगी पडतात.

प्रस्ताव मागे घेतल्याचे अधिकाऱ्यांनी तोंडी सांगितले तर त्याच दिवशी ‘आजच्या चर्चेत आपण असे सांगितले’ असे पत्र देऊन लेखी पुष्टी मागावी. नंतरही काम संपत नाही. जूनमध्ये पहिलीत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव नोंदले गेले का, सप्टेंबर संपण्याआधी यू-डायसमधील पट बरोबर आहे का आणि दुसऱ्या शिक्षकाचे पद प्रत्यक्ष भरले का, हे समितीने दरवर्षी तपासावे. सगळ्या कागदांची एक मूळ फाईल ग्रामपंचायतीत आणि एक झेरॉक्स संच समितीच्या अध्यक्षांकडे ठेवावा, आणि समिती बदलताना कागदांची यादी करून देणाऱ्याची व घेणाऱ्याची अशा दोघांच्याही सह्या त्यावर घ्याव्यात.